‘स्वदेसी’चे गाणे आणि जंगलातले श्रोते

रॅप म्हणजे शहरी पोरांची बडबड, अमेरिकेची नक्कल, असे आपल्या चळवळीतले पुष्कळ जाणते लोक म्हणतात. त्यांत शाहिरी कोळून प्यालेले आहेत, वामनदादांची शेकडो गाणी तोंडपाठ असलेले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मला त्यांना एक गट ऐकवायचा आहे. मुंबईचा ‘स्वदेसी’. मी तो हेमलकसा-भामरागडच्या परिसरात राहून ऐकतो, आणि इथे ऐकल्यामुळेच त्याच्यातली मोलाची गोष्ट मला उमगली.

नक्कलेचा आरोप आधी निकालात काढू. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या काळ्या आणि पोर्तोरिकन वस्त्यांत १९७३ च्या सुमारास हा प्रकार आकाराला आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव कुठून आले हे कोणाला सांगायला नको. तेव्हाही प्रस्थापितांनी ‘उसने नाव’ म्हणून नाके मुरडलीच होती. आणि त्याआधी, १९३० च्या दशकात, भीमराव कर्डकांनी जलसा बांधला तेव्हा तमाशाचाच साचा घेतला होता. त्यात मजकूर मात्र माणुसकीच्या हक्कांचा भरला. साचा कोणाचा, यापेक्षा त्यात काय ओतले हे पाहण्याची आपली रीत आहे. ती रॅपलाच का लागू नसावी?

‘स्वदेसी’ हा कोण्या कंपनीने जमवलेला वाद्यवृंद नव्हे. दशकभरापूर्वी एकत्र आलेली ही मुले आपापल्या भाषेत बोलतात : मराठी, हिंदी, गुजराती. एमसी मवाली म्हणजे अक्लेश सुतार. धर्मेश परमार हा ‘तोडफोड’ नावाने गुजरातीत गात असे. मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. त्याच महिन्यात त्याचा ‘ट्रुथ अँड बेस’ हा संग्रह आला होता. आणि आपल्या विदर्भाचा, अमरावतीचा, सौरभ अभ्यंकर. हा आपले नाव शंभरचा आकडा आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरे असे लिहितो. आकडा हिंदीत वाचला की ‘सौ’ होते. २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात हे आवाज आहेत. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्याबरोबर त्यांनी दक्षिणेतल्या कोन्नक्कोलच्या, म्हणजे तोंडाने म्हणायच्या तालाच्या बोलांच्या, अंगाने रॅप बसवले. ज्यांना रॅप हे तालाचे अडाणीपण वाटते त्यांनी आरंभ इथून करावा.

नव्या श्रोत्याने एक ध्यानात घ्यावे. आपला कान चालीकडे धावतो, आणि रॅपमध्ये चाल जवळजवळ नसते. पोवाड्यात शाहीर जेव्हा गाणे सोडून ताला-ताला ने सांगू लागतो तो भाग आठवा. तेवढाच भाग वाढवून त्याचे अख्खे गाणे केले आहे असे समजा. डफाच्या जागी यंत्रावरचा ठेका असतो, तोच तो फिरत राहणारा. झीलकऱ्यांच्या जागी दुसरा गायक येतो, पण तो पहिल्याचे शब्द झेलत नाही. माइक हाती घेऊन आपले स्वतःचे सांगतो. आणखी एक : हे गाणे मोबाइलच्या बारीक भोकातून ऐकू नये. खालचा जाड सूर, ज्याला ही मुले ‘बेस’ म्हणतात, तो तिथे मरतो, आणि मग खरोखरच बडबड उरते. जयंतीच्या मिरवणुकीतले भोंगे सांभाळणारा एखादा पोरगा गाठावा.

आता ज्या गाण्यासाठी हा लेख, ते : ‘द वारली रिव्होल्ट’, २०१९. नाव १९४५ च्या उठावाचे आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात, वारली माणूस सावकार-जमीनदाराच्या वेठीला जुंपलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही जन्मभराचे गडी होत. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली हे लोक उठले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. गाण्याचा रोख मात्र आजच्या मुंबईतल्या आरेच्या जंगलावर आणि तिथल्या आदिवासी पाड्यांवर आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवले तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती.

या गाण्यात आरेतल्या केलटीपाड्याचे कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात. माझ्या दृष्टीने सगळे मोल इथे आहे. आपण आदिवासींवर कविता केल्या, एकलव्याला प्रतीक केले, त्याचा अंगठा किती तरी व्यासपीठांवरून दाखवला. पण व्यासपीठावर आदिवासीला बोलावून आपण खाली बसलो, असे कितीदा झाले? या मुलांनी ठेका पुरवला आणि माइक ज्याचे जंगल त्याच्या हाती दिला. सहानुभूती आणि सोबत यांतला फरक आपण साहित्याच्या चर्चेत नेहमी काढतो. इथे तो कानांनी ऐकू येतो.

हेमलकशाजवळच्या एका अंगणात मी हे गाणे थोड्या बऱ्या भोंग्यावर लावले. माडिया पोरांना भरभर मराठी कळली नाही. शाळेतली मराठी वेगळी, ही वेगळी. बेस मात्र त्यांना समजावून द्यावा लागला नाही. ढोलाच्या कातड्याची ओळख असलेले ते कान. आरे म्हणजे काय, हे सांगायला मी शेजारच्या एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचे नाव घेतले. ठाकूरदेवाचा तो डोंगर, आणि त्यावर चाललेली लोहखनिजाची खाण. पुढे काही सांगावे लागले नाही. पोरांनी गाणे पुन्हा लावायला सांगितले.

एका म्हाताऱ्याने मात्र विचारले, “ढोल आहे, पण नाचणारे कुठे आहेत?” हा प्रश्न साधा नाही. रेला गाताना गाणारे आणि ऐकणारे अशी फाळणी नसते. बाया-माणसे हातात हात गुंफून रांग धरतात. एकजण ओळ सोडते, बाकीच्या उचलतात. रॅपमध्ये एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात, फार तर हात हलवतात. त्यातही ‘स्वदेसी’चे जे गाणारे मी वर सांगितले ते सगळे पुरुष. जलशातही स्त्रीची भूमिका पुष्कळदा पुरुषच करीत, तेव्हा त्यांना एकट्यांना बोल लावणे योग्य नाही. पण उणीव ती उणीव. इकडे रेलाची ओळ बाईच्या गळ्यातून निघते, तिथे हे जास्त जाणवते.

‘चेतावनी’ हा त्यांचा संग्रह यानंतर ऐकावा, आणि एकट्याने न ऐकता चारजणांत. वसतिगृहांत, अभ्यासमंडळांत एका गाण्याला एक संध्याकाळ द्यावी. शब्द लिहून काढावेत, न कळलेले विचारावेत. इथल्या दोन पोरांनी सध्या त्या ठेक्यावर माडियातले शब्द बसवायला घेतले आहेत. विषय आहे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तुटणारा रस्ता. तिसरी ओळ अजून तालात येत नाही. म्हाताऱ्याचे म्हणणे, ओळ ठीक आहे, ठेकाच फार घाईचा आहे.