१९६२ लावला, गेला १९६!

दूध संस्थेत, सोसायटीत आता तांब्याच्या तारेऐवजी फायबर आले. बटणांचा फोन जुनाच, पण तो इंटरनेटच्या एका छोट्या डब्याला जोडलेला असतो. त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. बोलताना फरक कळत नाही, नंबर लावताना मात्र कळतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका दूध संस्थेत सकाळी संकलन चालू असताना एक मावशी धावत आल्या. म्हशीचे पोट फुगले होते. सचिवांनी पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ लावला. शेवटचा २ दाबेपर्यंत कानात ‘कृपया नंबर तपासा’. तीनदा तेच! अखेर एक पोरगा मोबाईल घेऊन रेंजसाठी टेकावर पळाला. म्हैस वाचली, पण पाऊण तास गेला. मावशी मला म्हणाल्या, "सायेब, ह्यो फोन शोभेला ठिवलाय व्हय?"

फोन चांगला होता, चूक डब्याच्या नियमात होती. आपण दाबलेले आकडे डबा लगेच पुढे पाठवत नाही. आधी आपल्या नियमांशी ताडून बघतो. जुळले की नंबर पूर्ण झाला असे समजून पाठवून मोकळा होतो. १०८ आणि ११२ साठी कोणीतरी ‘एक आणि पुढे कोणतेही दोन आकडे’ असा ढोबळ नियम घातला होता. १९६ झाले, नियम जुळला, फोन गेला. २ बिचारा मागेच राहिला.

आम्ही तो नियम काढून १०८, ११२ आणि १९६२ स्वतंत्र लिहिले. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ अकरा आकडी आहे, म्हणून ‘१८०० आणि पुढे सात आकडे’. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी शून्य लावावे लागते. एसटीडीलाही शून्य आणि पुढे दहाच आकडे, कोड धरून. तेव्हा दोन्हींना मिळून एकच नियम पुरतो: शून्य, मग १ ते ९ पैकी एक, मग नऊ आकडे. दोन शून्यांचा परदेशी फोन यात बसत नाही. न बसलेलाच बरा, बिल कोण भरणार? तालुक्यातल्या नंबरांचा नियम तेवढा वेगळा लिहावा.

हे नियम डब्याच्या सेटिंगच्या पानावर असतात, पासवर्ड लागतो. डबा कंपनीचा असेल तर त्यांच्याच माणसाकडून बदलून घ्या, आणि आधीचा नियम वहीत उतरवून ठेवा. नंबर लावल्यावर फोन काही सेकंद गप्प बसत असेल, तर डबा आणखी आकड्यांची वाट पाहतोय. बऱ्याच डब्यांत शेवटी हॅशचे बटण दाबले की फोन लगेच जातो.

आणखी एक. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची. हा डबा लाईट गेली की मुका. त्या संस्थेने आता अ‍ॅडॅप्टर आणि फायबरचा डबा दोन्ही फॅट मशीनच्या इन्व्हर्टरवर घेतले आहेत.