भजन देवळाबाहेर नेऊया

आपलं भजन देवळात येणाऱ्यांनाच ऐकू येतं. रोजंदारीवरची बाई तिथवर पोचत नाही.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराट्यानं रस्ते झाडायचे, मग रात्री उघड्यावर कीर्तन करायचे. कर्ज काढू नका, दारू सोडा, पोरं शिकवा, हे तिथं सगळ्यांच्या कानावर पडायचं.

आपणही आठवडे बाजारात गाऊया. आधी ग्रामपंचायतीला विचारा. भिंतीकडे पाठ करून अर्धगोलात उभ्या राहा. आवाज पुढं जातो. मृदंग हळू ठेवा, शब्द ऐकू आले पाहिजेत. लोक घाईत असतात, म्हणून दोनच भजनं म्हणा. शेवटी मंडळ कधी, कुठं जमतं ते सांगा. विधवा म्हणून कुणी मागं उभी असेल, तर तिच्या हातात टाळ द्या.