महाविद्यालयाचे मैदान आणि नोकरीचे दार

पावसाळा सरत आला की संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लागते. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत ज्या थोड्या विद्यार्थ्यांच्या हाती हॉकीस्टिक असते, त्यांची धावपळ सुरू होते. चार-दोन सामने होतात. एखाद्याची विद्यापीठाच्या संघात निवड होते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी परगावी जाऊन तो परत येतो. यथावकाश पदवी मिळते. मग स्टिक माळ्यावर जाते आणि प्रमाणपत्र फाइलीत. ज्या खेळासाठी या मुलाने तीन वर्षांच्या सकाळ-संध्याकाळ वेचल्या, तो खेळ त्याला कोठे घेऊन गेला, हा प्रश्न सत्कारसमारंभात कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

हॉकीत ‘व्यावसायिक खेळाडू’ हा शब्द भारतात नेहमीच सैल अर्थाने वापरला गेला. केवळ खेळावर पोट भरणारा हॉकीपटू या देशात फारसा झालाच नाही. ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाले आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यांची चूल हॉकीवर नव्हे, तर सैन्याच्या पगारावर पेटली. धनराज पिल्ले यांचे वडील खडकीच्या आयुध निर्माणीच्या क्रीडांगणाची देखभाल करीत. मोडक्या स्टिकांवर हात बसवून धनराज मुंबईला गेले, तेथे त्यांना महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात जागा मिळाली आणि पुढे इंडियन एअरलाइन्सची नोकरी मिळाली. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या या खेळाडूलाही उभे केले ते नोकरी देणाऱ्या संघांनी. रेल्वे, सेनादले, पोलीस, तेल कंपन्या आणि बँका हेच भारतीय हॉकीचे खरे आश्रयदाते होत.

अलीकडे हॉकी इंडिया लीगमुळे चित्र पालटल्याचा भास होतो. २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे चाललेली ही स्पर्धा बंद पडली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावात हरमनप्रीत सिंग यांना ७८ लाख रुपयांची बोली लागली. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु लिलावाच्या यादीत नाव येण्याआधी राष्ट्रीय स्तरावर नाव व्हावे लागते. शिवाय पूर्वीच्या पर्वात मुंबईचा संघ होता, तर २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व स्वीकारले. पंजाब सरकारने २०२४ मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्या हॉकीपटूंना प्रशासनात आणि पोलीस दलात वर्ग एकची पदे दिली. ज्या राज्याने धनराज दिला, त्या राज्याने या तुलनेत काय केले, हे सांगताना संकोच वाटावा अशी स्थिती आहे.

बुलढाण्याच्या विद्यार्थ्यापुढे मात्र लिलावाचा नव्हे, क्रीडा कोट्यातील नोकरीचा प्रश्न असतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि रेल्वेची स्वतंत्र क्रीडाभरती होते. रेल्वेच्या भरतीची वयोमर्यादा साधारणतः १८ ते २५ वर्षांची असते, म्हणजे नेमकी महाविद्यालयाची आणि त्यानंतरची चार-पाच वर्षे. दार उघडे आहे, पण ते थोडाच काळ उघडे राहते आणि त्याचा उंबरठा उंच आहे. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या स्पर्धेतील सहभाग तेथे मोजला जात नाही. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा किंवा विद्यापीठाच्या संघातून अखिल भारतीय स्पर्धेतील वरचे स्थान लागते. ‘खेळाडूंना नोकरी मिळते’ या ऐकीव आश्वासनावर वर्षे घालविणाऱ्या मुलाला हा उंबरठा बहुधा पदवी हाती आल्यावरच दिसतो.

तो उंबरठा ओलांडण्यात पहिली अडचण मैदानाची. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर आली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. मातीवर चेंडू उसळतो, रेंगाळतो, आधी अडवून मग मारावा लागतो. पाणी शिंपडलेल्या कृत्रिम हिरवळीवर तो सरपटत वेगाने येतो आणि विचाराला क्षणाचीही उसंत देत नाही. खेळ एकच, पण कौशल्ये वेगळी. ज्याचा हात मुरमाच्या मैदानावर बसला, तो विद्यापीठाच्या संघातून थेट कृत्रिम मैदानावर उतरला की पहिल्या दहा मिनिटांतच परका ठरतो. यात त्याचा दोष नाही. राष्ट्रीय संघ जे शिकायला दोन तपे घेतो, ते जिल्ह्यातील विद्यार्थ्याने आठवड्यात आत्मसात करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मग या मातीतच काही उणे आहे काय? तसे म्हणता येत नाही. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जगातील अव्वल धनुर्धर माइक श्लोसर याला १४९-१४८ असे हरविले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने कंपाउंड प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या संघातही तो होता. जिल्हा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधील जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत धनुर्विद्येचे सुवर्णपदक पटकाविले होते. तेव्हा जिद्द, दृष्टी आणि हातांचे स्थैर्य यांची येथे वाण नाही. फरक आहे तो खेळाच्या स्वरूपात. धनुर्विद्येला एक धनुष्य, एक मैदान आणि एक निष्ठावंत प्रशिक्षक पुरतो. हॉकीला अकरा जण लागतात आणि त्यांच्याशी झुंजायला दुसरे अकरा. हा खेळ छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत, कारखान्यांच्या मैदानांवर वाढला, कारण तेथे बावीस माणसे आणि एक पगार एकत्र नांदत होते. बुलढाण्याच्या वाट्याला तशी छावणी आली नाही की आयुध निर्माणी.

ही उणीव भरून काढता येते, याचा पुरावा सातारा जिल्ह्यात आहे. फलटणच्या परिसरातील वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या शेतकरी समाजातील मुली शाळकरी वयातच शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत आल्या, बालेवाडीला कृत्रिम हिरवळीवर वाढल्या आणि भारताच्या संघात पोहोचल्या. २०२३ मध्ये रांचीला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात वैष्णवी होती. त्यांच्या गावीही छावणी नव्हती; पण वेळेवर कोणी तरी त्यांची पारख केली आणि योग्य मैदान दिले.

यावर कोणी म्हणेल की निवड जर शाळेतच व्हायची, तर महाविद्यालयाचे काम संपले. अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीचा अनुभव वेगळे सांगतो. १९८० मध्ये लेक प्लॅसिड येथे बलाढ्य सोव्हिएत संघाला हरविणारा अमेरिकी संघ प्रामुख्याने महाविद्यालयीन तरुणांचा होता आणि त्या २० जणांपैकी १३ जण पुढे तेथील व्यावसायिक लीगमध्ये खेळले. तेथे महाविद्यालयापाशी मैदान, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती असते. म्हणून ते व्यवसायाची पायरी ठरते. आपल्याकडे शारीरिक शिक्षण संचालकांकडे सगळेच खेळ सोपविलेले, क्रीडानिधी तुटपुंजा आणि परीक्षेच्या तारखा स्पर्धांच्या तारखांवर स्वार झालेल्या. पायरी आहे, पण ती दगडाची नाही.

ती पक्की करण्यासाठी सगळेच अमेरिकेसारखे व्हावे लागेल, असे नाही. विद्यापीठाने निवडलेल्या संघाला स्पर्धेपूर्वी किमान महिनाभर कृत्रिम मैदानावर सराव द्यावा. स्पर्धेमुळे बुडालेली परीक्षा पुन्हा देण्याचा हक्क स्पष्ट नियमाने मिळावा. कोणत्या प्रमाणपत्राला भरतीत किती किंमत आहे, हे पहिल्याच वर्षी खेळाडूला कागदावर समजावून सांगावे. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे आणि अपुऱ्या कागदांमुळे खऱ्या खेळाडूचीही गाडी चुकू शकते. शासनाने प्रबोधिनीची निवड तालुक्याच्या शाळांपर्यंत न्यावी, हे तर सर्वांत आधी.

विद्यार्थ्यानेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मुंबईचे वीरेन रस्किन्हा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळले आणि तिशी गाठण्याच्या आतच खेळ सोडून व्यवस्थापनाचे शिक्षण घेण्यासाठी हैदराबादला गेले. पुढे ऑलिंपिकपटूंना साहाय्य करणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख झाले. ऑलिंपिकपटूला पुस्तकाची गरज भासते, तर विद्यापीठाच्या संघातील राखीव खेळाडूने पदवीकडे पाठ फिरवावी, हे शहाणपणाचे नव्हे. स्टिक आणि पुस्तक यांत वैर नाही. वैर आहे ते दोहोंची वेळ एकच ठेवणाऱ्या वेळापत्रकात.

लाखांची बोली थोड्यांच्या नशिबी असते आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. पोलीस शिपाई, रेल्वेतील कारकून, शाळेतील क्रीडाशिक्षक ही हॉकीने दिलेली पदेही मानाचीच आहेत. त्यातला एखादा क्रीडाशिक्षक आपल्या तालुक्यात दुसरे अकरा उभे करू शकतो. परंतु तीन वर्षे मुलाला पळवायचे, टाळ्या वाजवायच्या आणि वाट दाखवायची वेळ आली की प्रमाणपत्र हातावर ठेवून निरोप द्यायचा, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागेल, तेव्हा त्याच्या शेजारी नोकरीच्या नियमांचा कागदही लागावा. एवढी सुरुवात करायला ना कृत्रिम हिरवळ लागते, ना कोट्यवधींचा निधी.