सुकाणू कोणाच्या हाती?

बोटीची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे केरळची हाउसबोट येते. नावाडी बोट चालवतो, आचारी मासे तळतो आणि आपण खुर्चीत बसून नारळाची झाडं मोजायची! इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट मात्र वेगळी. बोट भाड्याने मिळते, नावाडी नाही. चालवायची, बांधायची, रांधायचं, सगळं आपणच.

लेकीच्या पदवीदानासाठी बर्मिंगहॅमला गेलो, तेव्हा तिने आम्हा दोघांसाठी लँगोलेन कालव्यावर आठवडाभराची बोट ठरवून टाकली. "आई, परवानासुद्धा लागत नाही," म्हणाली. व्हिटचर्चजवळ बोटवाल्याने तासाभरात सगळं शिकवलं. बोट जेमतेम सात फूट रुंद, लांबी मात्र रेल्वेच्या डब्यासारखी. डिझेलचं इंजिन, पण वेगमर्यादा ताशी चार मैल. ब्रेक नाही, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं.

पहिल्या दिवशी दांडा अर्थातच ह्यांनी धरला आणि दोर माझ्या हाती आला. वाटेत उचलते लाकडी पूल लागतात. मी काठावर उडी मारायची, हँडल फिरवून फिरवून पूल वर करायचा, बोट गेली की खाली आणायचा आणि पुन्हा धावत बोट गाठायची. वर ह्यांचं चालूच, "अगं, जरा लवकर!" समोरून येणाऱ्या बहुतेक बोटींवर हेच दृश्य. पुरुष मागे ऐटीत उभा, बाई काठावर घामाघूम.

पाण्याचं मात्र मला नवल वाटलं नाही. बोटीतली टाकी पुरवून वापरायची असते. दिवसाआड नळ येणाऱ्या गावात वाढलेल्या बाईला ते काय शिकवायचं? पिठलं-भात झाला आणि दोन तांब्यांत भांडीही निघाली.

दुसऱ्या संध्याकाळी एल्समेअरच्या तळ्यांपाशी मुक्काम होता. शेजारच्या बोटीतल्या आजींनी हसत विचारलं, "ताकदीचं काम तू करतेस आणि उभं राहायचं काम तो?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरंच की! दांड्याला लागतं ते लक्ष, जोर लागतो तो पुलाला.

त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर मालाच्या बोटी तरुण मुलींनी चालवल्या. तिघी मिळून दोन बोटी! जाताना माल, येताना कोळसा. त्यांच्या बिल्ल्यावर 'आय डब्ल्यू' म्हणजे 'इनलँड वॉटरवेज' ही अक्षरं असत. लोकांनी त्याचं 'आयडल वुमेन' केलं, म्हणजे रिकामटेकड्या बायका! मैत्रिणींनो, "घरीच तर असतेस" हे वाक्य आपल्याकडचंच नाही बरं.

तिसऱ्या दिवशी न्यू मार्टनचे दोन लॉक आले. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी सोडायचं, की बोट हळूहळू वर चढते. या वेळी आत दांड्यापाशी मी आणि वर हे. दाराच्या लांबलचक लाकडी दांडक्याला पाठ लावून ढकलताना ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. "जरा लवकर" मी म्हटलं नाही. तशी गरजही नव्हती.

चौथ्या सकाळी पोंटकसल्टे. 1805 साली टेलफर्ड आणि जेसप यांनी पुरा केलेला हा पाण्याचा पूल 2009 पासून जागतिक वारसा आहे. डी नदीच्या 126 फूट वरून, लोखंडी पन्हाळीतून बोट हजार फूट जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला थेट हवा! तिथे पोचायच्या आधीच ह्यांनी दांडा माझ्याकडे दिला. "तुझा हात जास्त स्थिर आहे," म्हणाले.

लग्नाला तेवीस वर्षं झाली. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवली.