टायर मोठा, काटा खोटा

पिकअपच्या टायरवर 265/65 आर17 असं काहीतरी कोरलेलं असतं. 265 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे रुंदीच्या 65 टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची. आणि 17? रिमचा व्यास, तोही चक्क इंचात! एकाच ओळीत दोन मोजपट्ट्या, आणि जगभर हे बिनबोभाट चालतं.

टोयोटा हायलक्सचंच बघा. 17 इंची चाकाला 265/65 टायर, 18 इंचीला 265/60. हिशेब केला तर दोघांच्या व्यासात फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. अलॉय मोठी झाली, गाडी होती तेवढीच राहिली!

उंची हवी असेल, तर टायरच मोठा लागतो. त्याच 17 इंची रिमवर 285/70 चढवला की व्यास 776 वरून 831 मिलिमीटर होतो. गाडी मात्र त्याच्या निम्मीच, 27 मिलिमीटर उचलली जाते. उरलेली वाढ जाते वर, मडगार्डच्या दिशेने. स्टिअरिंग पूर्ण फिरवून रिव्हर्स घेतलं की आतून 'खर्र' ऐकू येतं आणि प्लास्टिकवर काळे, चकचकीत ओरखडे दिसतात. उभ्या गाडीत बोटभर दिसणारी फट खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की संपते.

स्पीडोमीटरच्या काट्याला यातलं काहीच कळत नाही. तो मोजतो फक्त चाकाचे फेरे. पूर्वी काट्याच्या ज्या खुणेवर खरा वेग 100 होता, तिथे आता 107 असतो. किलोमीटरही कमी नोंदले जातात. म्हणून टायर बदलल्यावर 'मायलेज पडलं' असं वाटतं, त्यातला काही भाग निव्वळ मीटरच्या चुकीचा असतो. बाकीचा खरा, कारण जड चाक फिरवायला ताकद लागतेच.

टायरसोबत रिमही बदलणार असाल, तर आणखी दोन आकडे बघा. हायलक्सच्या चाकाचा पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, 6 × 139.7 मिलिमीटर. आकडा विचित्र वाटतो ना? तो बरोब्बर साडेपाच इंच आहे. रिमच्या आत कोरलेलं 'ईटी' म्हणजे ऑफसेट, चाकाच्या मध्यरेषेपासून ते हबला टेकतं त्या जागेपर्यंतचं अंतर, आणि ती अक्षरं आली जर्मन भाषेतून. हा आकडा कमी असेल, तर चाक तेवढं बाहेर येतं.

मोठ्या टायरची हौस कुठवर जावी? अमेरिकेत बॉब चँडलर यांनी 1974 च्या फोर्ड एफ-250 पासून 'बिगफूट' हा मॉन्स्टर ट्रक घडवला. पुढे 'बिगफूट 5'ला तर 10 फूट उंचीचे टायर लागले, तेही अमेरिकी लष्कराच्या अलास्कातल्या अवाढव्य वाहनाचे!

आणि आपली 'स्टेपनी'? तो शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. तिथे 1904 मध्ये हे जादा चाक बनू लागलं. पिकअपमध्ये ती हौद्याखाली टांगलेली असते, आणि नवा मोठा टायर बऱ्याचदा त्या जागेत मावतच नाही. चार टायर घेण्याआधी पाचव्याची जागा मोजा.

कंपनीने दिलेल्या मापाबाहेर जाणार असाल, तर आधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारा. नवी चाकं बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या.