पन्नास हजार पानांतली एक तारीख

गांधीजींच्या लिखाणाची पहिली बारा वर्षं, १८८४ ते १८९६, एकाच खंडात मावली आहेत. नव्वदाव्या खंडात मात्र फक्त ८१ दिवस आहेत : ११ नोव्हेंबर १९४७ ते ३० जानेवारी १९४८.

भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५६ साली हाती घेतलेलं हे इंग्रजी संकलन १९९४ मध्ये पुरं झालं. अडतीस वर्षांचं काम, १०० खंड आणि पन्नास हजारांहून अधिक पानं. रोज पन्नास पानं वाचली, तरी संपायला हजार दिवस लागतील.

यातला वर्ध्याचा वाटा थक्क करणारा आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात आले. तिथपासून ऑगस्ट १९४२ मधल्या अटकेपर्यंतचा मजकूर साधारण ६२ ते ७६ क्रमांकांच्या खंडांत आहे. सव्वासहा वर्षांना पंधरा खंड. पाच महिने झाले की एक खंड भरायचा! त्यातली कितीतरी पत्रं मुळात गुजराती वा हिंदी. प्रत्येक भाषांतराच्या शेवटी बारीक टायपात मूळ भाषा आणि आधाराची नोंद असते. 'जी. एन.' आणि पुढे आकडा दिसला, की मूळ पत्राची फोटोस्टॅट प्रत दिल्लीच्या गांधी संग्रहालयात आहे असं समजायचं. भाषांतराबद्दल शंका आली तर मुळापर्यंत जायची वाट त्या एका ओळीत आहे.

एवढ्या पसाऱ्यात हवं ते सापडतं, कारण ९८ वा खंड निव्वळ विषयसूचीचा आहे आणि ९९ वा व्यक्तिसूचीचा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे तारीख. काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात १४ जुलै १९४२ रोजी ठराव केला. त्याच दिवशी गांधीजी वार्ताहरांशी काय बोलले, हे ७६ व्या खंडात तारखेवरून थेट मिळतं. खंडाच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. नव्वदच्या दशकाअखेर निघालेल्या सुधारित आवृत्तीत क्रमांक बदलले, काही मजकूर गळला. अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर ती मागे घ्यावी लागली. जुनी आवृत्ती आता गांधी हेरिटेज पोर्टलवर सर्वांना खुली आहे.

तारखेवरून शोधायची ही रीत इतरत्रही दिसते. अमेरिकी सरकारने १९४१ पासून परदेशी रेडिओवरच्या आणि पुढे वृत्तपत्रांतल्या बातम्यांची भाषांतरं करवली. त्यांचे रोजचे अहवाल विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मायक्रोफिशवर साठले. तिथेही प्रदेश आणि तारीख ठाऊक असली, की हवं ते पान हाती लागायचं.

म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात निदान गांधीजींच्या संकलनाचे हे दोन सूचीखंड वाचनकक्षातल्या टेबलावर असावेत, आणि ते कसे वापरायचे हे पहिल्याच वर्षी शिकवावं. आपल्या जिल्ह्यात लिहिलं गेलेलं शोधायला आपल्याच मुलांना परक्याचा आधार लागू नये.