दुसऱ्याच्या सर्व्हरकडे जाणारी वाट

मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आला, तेव्हा त्याच्यासोबत एक्सएमएलएचटीटीपी नावाचा एक लहानसा घटक लोकांच्या संगणकांवर उतरला. एक्सचेंज सर्व्हरवरची ईमेल ब्राउझरमध्ये दाखवणारे आउटलुक वेब ॲक्सेस तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या चमूला तो हवा होता. एक ईमेल उघडली की अख्खे पान पुसले जाऊन पुन्हा भरावे, हे ॲलेक्स हॉपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टाळायचे होते. ब्राउझर जवळजवळ तयार झाला होता, नव्या गोष्टींना दार बंद होत आले होते. म्हणून त्यांनी हा घटक एमएसएक्सएमएल या लायब्ररीत घातला आणि तिच्यासोबत तो जगभर पोचला. आज ब्राउझर पान न बदलता सर्व्हरशी जे बोलतो, त्याची वंशावळ या घटकापर्यंत जाते.

त्याआधी फॉर्म भरायचा, बटण दाबायचे आणि वाट पाहायची. पिनकोडचा एक आकडा चुकला तरी सगळे पान सर्व्हरवरून पुन्हा यायचे. हे चुकवण्यासाठी पानात एक अदृश्य फ्रेम ठेवून तिच्यात उत्तर मागवायचे, किंवा जावा ॲपलेटला मध्यस्थ करायचे, असे उपाय जाणकार करत होते. पण ती डागडुजी होती.

याच सुमारास मोठ्या कंपन्या वेब सर्व्हिसची वेगळीच इमारत उभारत होत्या. १९९८ मध्ये डेव्ह वायनर, डॉन बॉक्स, बॉब ॲटकिन्सन आणि मोहसेन अल-घोसेन यांनी सोपची, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी एक्सएमएलमधून बोलण्याच्या पद्धतीची, आखणी केली. मे २००० मध्ये सोप १.१ वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे गेले, पुढच्याच वर्षी सर्व्हिसचे वर्णन करणारे डब्ल्यूएसडीएल आले, आणि सर्व्हिस शोधण्यासाठी यूडीडीआय ही जागतिक नोंदवही सुरू झाली. कल्पना भव्य होती: एका कंपनीचा प्रोग्रॅम नोंदवहीत दुसऱ्या कंपनीची सर्व्हिस शोधेल, तिचे वर्णन वाचेल आणि माणसाच्या मदतीशिवाय व्यवहार करेल. ब्राउझरलाही यात ओढायचे प्रयत्न झाले. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररसाठी सोप कॉल करणारा घटक दिला, मोझिलाने तर सोपची सोय ब्राउझरच्या आतच बांधली.

ते रुजले नाही, आणि माझ्या मते रुजणार नव्हतेच. सोपमध्ये दोन ओळींच्या उत्तराभोवती एक्सएमएलचे लिफाफे, नामावकाश आणि प्रकारांची वर्णने यांचा थर असे. दोन बँकांच्या सर्व्हरनी आपसांत सह्याशिक्क्यांनिशी व्यवहार करायला तो थर योग्य आहे, आणि बँका व विमा कंपन्यांच्या आतल्या यंत्रणांत सोप आजही चालते. पण ब्राउझरमधल्या छोट्या स्क्रिप्टला एका पुस्तकाची किंमत विचारायची असेल, तर हा सगळा भार कशासाठी? ॲमेझॉनने २००२ मध्ये आपल्या सर्व्हिस बाहेरच्या लोकांना खुल्या केल्या, तेव्हा सोपचा मार्ग दिला आणि साध्या यूआरएलवर एक्सएमएल मिळण्याचाही. बहुतेक डेव्हलपरांनी साधा मार्ग धरला. रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या प्रबंधातली रेस्टची, म्हणजे वेबच्या साध्या पत्त्यांवर उभ्या रचनेची, मांडणी त्यांच्यापैकी किती जणांनी वाचली असेल, हा प्रश्नच आहे. पत्ता टाकला की उत्तर येते, एवढे त्यांना पुरेसे होते. यूडीडीआयची सार्वजनिक नोंदवही आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी जानेवारी २००६ मध्ये बंद केली.

मधल्या काळात मोझिलाने मायक्रोसॉफ्टचा तो घटक आपल्या ब्राउझरमध्ये एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या रूपात आणला, पुढे सफारीने आणि ऑपेरानेही. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले. त्या डिसेंबरात गूगल सजेस्टने अक्षरागणिक शोधसूचना द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले आणि नकाशा बोटाने ओढावा तसा माउसने सरकू लागला. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी आपल्या लेखात या साऱ्या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. तंत्र सहा वर्षे हाताशी होते. नाव मिळाल्यावर ते प्रत्येक कंपनीच्या बैठकीत पोचले. एजॅक्सचे सर्वांत गाजलेले उदाहरण असलेले गूगल मॅप्स मात्र सुरुवातीला शोधाचे निकाल आणायला जुनी अदृश्य फ्रेमच वापरत होते.

मला त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते ती वेगळी. एप्रिल २००५ मध्ये पॉल रेडमाकर यांनी क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या साइटवरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर मांडून हाउसिंगमॅप्स ही साइट केली. तेव्हा गूगल मॅप्सचे एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमांना नकाशा वापरू देणारे अधिकृत दार, अस्तित्वातच नव्हते. त्यांनी नकाशाचा कोड उलगडून पाहिला होता. गूगलने दावा ठोकला नाही, उलट जूनमध्ये एपीआय जाहीर केले आणि रेडमाकर पुढे गूगलमध्येच रुजू झाले. दोन वेगळ्या घरच्या सर्व्हिस तिसऱ्याच माणसाच्या पानावर एकत्र येऊ शकतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पण ब्राउझरला दुसऱ्या घरी जायला मुळात मनाईच होती. १९९५ पासून, म्हणजे नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट आली तेव्हापासून, एक नियम आहे: एका साइटवरून आलेल्या स्क्रिप्टने दुसऱ्या साइटचा मजकूर वाचायचा नाही. जाचक वाटणारा हा नियम किती मोलाचा आहे ते समजून घ्यायला हवे. तुम्ही एका टॅबमध्ये बँकेत लॉगिन केले आहे. बँकेला जाणाऱ्या प्रत्येक कॉलबरोबर ब्राउझर तुमच्या लॉगिनची खूण असलेली कुकी आपण होऊन जोडू शकतो. हा नियम नसता, तर दुसऱ्या टॅबमधल्या कुठल्याही भलत्या पानाने तुमच्या नावाने बँकेला विचारले असते आणि खात्यातली शिल्लक वाचली असती. वापरणाऱ्याच्या लॉगिनमध्ये परकी स्क्रिप्ट घुसली की काय होते, हे ऑक्टोबर २००५ मध्ये दिसले: सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट दडवली, ती प्रत्येक पाहणाऱ्याच्या नावाने मायस्पेसला कॉल करत पसरली आणि २० तासांच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलपर्यंत पोचली.

तरी लोकांना भिंतीपलीकडचा डेटा हवा होता, आणि भिंतीत एक खिडकी उघडी होती: स्क्रिप्ट टॅग कुठल्याही साइटवरची फाइल आणू शकतो. इथे डेटा लिहिण्याची जेसन ही पद्धत कामी आली. डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी २००१ मध्ये जावास्क्रिप्टच्याच लेखनपद्धतीत डेटा पाठवायला सुरुवात केली होती. त्यांचा पहिला संदेश अडला, कारण त्यातल्या एका घटकाचे नाव जावास्क्रिप्टमधला राखीव शब्द निघाले; म्हणून जेसनमध्ये प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत लिहायची शिस्त आली. २००५ च्या डिसेंबरात बॉब इपोलिटो यांनी जेसनपी मांडले. सर्व्हरने डेटा एका फंक्शनच्या कॉलमध्ये गुंडाळून द्यायचा, स्क्रिप्ट टॅगने तो आणायचा, की भिंत ओलांडली.

जेसनपीने कितीतरी सुंदर गोष्टी घडवल्या, आणि तरीही ती धोकादायक तडजोड होती. समोरचा सर्व्हर डेटा देतो असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात तो आपल्या पानावर वाटेल तो कोड चालवू शकतो. उलट बाजूनेही भोक होते. २००७ च्या सुरुवातीला जीमेलमधली संपर्कयादी अशाच रूपात मिळत असल्याचे उघड झाले. लॉगिन असलेल्या माणसाने दुसरे कुठलेही पान उघडले, तर त्या पानाला त्याची यादी वाचता येत होती. गूगलने ते लगेच दुरुस्त केले.

खरा मार्ग निघाला तो कॉर्सचा, आणि त्याला दहा वर्षे लागली. टेलमी या आवाजी सेवांच्या कंपनीतल्या मंडळींनी २००४ मध्ये व्हॉइसएक्सएमएलसाठी केलेला प्रस्ताव हे त्याचे बीज. डब्ल्यूथ्रीसीत तो वेबसाठी विस्तारला, २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ मध्ये आला, आणि पक्की शिफारस झाली जानेवारी २०१४ मध्ये. कल्पना सरळ आहे. ब्राउझर कॉलसोबत सांगतो की हा कॉल अमुक साइटवरच्या पानातून आला आहे. सर्व्हर उत्तराच्या हेडरमध्ये लिहितो, या साइटला हे वाचायची मुभा आहे. हेडर नसेल, तर उत्तर येऊनही ब्राउझर ते स्क्रिप्टच्या हाती देत नाही. साध्या फॉर्ममधून जाऊ शकत नाही अशा धाटणीचा कॉल असेल, तर आधी प्रीफ्लाइट जातो: पाठवू का?

या प्रीफ्लाइटने आणि कन्सोलमधल्या लाल कॉर्स एररने फ्रंटएंडवाल्यांच्या कितीतरी रात्री खाल्ल्या आहेत. वैतागून अनेक जण सर्व्हरच्या हेडरमध्ये सरसकट तारांकन, म्हणजे सगळ्या साइट्सना मुभा, लावतात. त्यांना मला सांगायचे आहे की ही भिंत सर्व्हरच्या रक्षणासाठी नाहीच. पोस्टमनसारख्या चाचणीच्या साधनातून किंवा कमांड लाइनवरून तोच कॉल बिनतक्रार जातो. ती ब्राउझरसमोर बसलेल्या माणसासाठी आहे. म्हणूनच लॉगिनच्या कुकीसह जाणाऱ्या कॉलला तारांकनाचे उत्तर चालत नाही, साइटचे नाव लिहावेच लागते. पंचवीस वर्षांच्या या प्रवासात मला कॉर्सइतकी न्याय्य रचना दुसरी दिसत नाही: परवानगी डेटा सांभाळणाऱ्याने द्यायची, आणि तिची अंमलबजावणी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ब्राउझरने करायची.

बाकीचे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. २००६ च्या जेक्वेरी या लायब्ररीने ब्राउझरांमधले फरक झाकले, २०११ मध्ये वेबसॉकेटचे मानक ठरले आणि सर्व्हरलाही आपण होऊन बोलता येऊ लागले, २०१५ मध्ये फेचने एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टची जागा घ्यायला सुरुवात केली.

मराठीच्या अंगाने या बदलाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. एके काळी मराठी साइट्स आपापल्या फाँटमध्ये लिहिलेल्या असत. तो फाँट असला तरच अक्षरे दिसत, नाहीतर रोमन चिन्हांची रांगोळी. पान माणसाने वाचायचे तोवर हे निभावले. पण डेटा एका सर्व्हिसकडून दुसऱ्या ॲपकडे जायचा असेल, तर फाँट सोबत जात नाही, फक्त अक्षरांचे संकेत जातात. जेसन यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपातच पाठवावे, हे २०१७ च्या मानकाने पक्के केले. मराठी मजकूर यंत्रांमध्ये सुखरूप फिरू लागला तो प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या युनिकोडमुळे.

२०२१ च्या मे महिन्यात याच तंत्राने माणसांच्या आयुष्यात थेट हात घातला. कोविड लसीकरणाच्या को-विन या सरकारी पोर्टलच्या सार्वजनिक एपीआयवरून लशीच्या जागा शोधणाऱ्या साइट्स आणि टेलिग्रामवरच्या सूचना भराभर उभ्या राहिल्या. एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० कॉलची मर्यादा होती. हजारो लोकांना या साइट्सचा आधार झाला. पण पुण्या-मुंबईची मंडळी आसपासच्या ग्रामीण केंद्रांवरच्या जागा घेत होती आणि तिथले गावकरी मागे राहत होते. को-विनवर मराठी आली ती जूनमध्ये. खुले एपीआय ज्याला वापरता येते, त्यालाच आधी पोचवते. सार्वजनिक सेवा आखणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरायला हवे होते.

आणि तरी दारे बंद ठेवणे हा उपाय नाही. मराठी विकिपीडियाचे एपीआय आज कुठल्याही पानातून, बिनलॉगिन, कोणालाही वाचता येते. कॉलमध्ये ओरिजिनपुढे तारांकन लिहिले की झाले. ज्या संस्थांकडे मराठी कोश, बाजारभाव, धरणांतले पाणी, बसची वेळापत्रके आहेत, त्यांनी ती पीडीएफमध्ये कोंडून न ठेवता युनिकोडमध्ये, जेसनमधून, परवानगीच्या हेडरसह द्यावीत. जिथे एखाद्या माणसाची खासगी माहिती आहे, तिथे मात्र तारांकन कधीही लावू नये.